टायटॅनियमच्या नावानं चांगभलं

स्वस्तातली टायटॅनियमची टॉर्च विकणाऱ्यांना एकदा आमच्या नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये कोंडून ठेवायला हवं. हातात त्यांचीच टॉर्च द्यायची आणि सांगायचं, लाल वायर कुठली, तपकिरी कुठली ते ओळखा आणि मग बाहेर या. जन्मभर आतच राहतील! कारण बाहेर चकचकीत टायटॅनियम आणि आत बाजारातला सगळ्यात स्वस्त निळसर एलईडी. 6500 केल्विनचा थंड पांढरा उजेड, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरापैकी आकडा, जेमतेम 70. त्या उजेडात लाल मरतो, तपकिरी काळा पडतो आणि धडधाकट माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

आणि जाहिरातीतली भाषा ऐका. ‘विमानात वापरतात तो धातू’, ‘वजनाला हलका’. अहो, कोणापेक्षा हलका? स्टीलपेक्षा, मान्य. टायटॅनियमची घनता साधारण 4.5, स्टीलची 7.8. पण खिशातल्या टॉर्च स्टीलच्या असतात कुठे? बहुतेक सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि त्याची घनता 2.7. म्हणजे तीच नळी टायटॅनियमची केली की दीडपटीहून जड. जड वस्तू हलकी म्हणून विकायची, वर त्याचे जास्त पैसे घ्यायचे. काय डोकं आहे!

उष्णतेचं तर विचारूच नका. टॉर्चच्या अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे 6061 नावाच्या मिश्रधातूची, उष्णता वाहून नेण्याची क्षमता 167 च्या आसपास आणि ग्रेड 5 टायटॅनियमची जेमतेम 7. ग्रेड 5 म्हणजे विमानवालाच, ज्याचा एवढा गाजावाजा. परिणाम काय, तर टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त उजेड, लावला की डोकं चटका देतं आणि शेपटी थंडगार. एलईडीची उष्णता जिथल्या तिथे कोंडते, मग ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट देणारं आतलं सर्किट, उजेड खाली आणतो. डब्यावर छापलेले लुमेन डब्यावरच राहतात.

बरं, म्हटलं, धातू राहू दे, एलईडी तरी बदलू. निचिया या जपानी कंपनीचा 519ए एलईडी मागवला, 4500 केल्विन म्हणजे कमी निळा, सीआरआय 90 च्या वर. त्यासाठी पुढची रिंग उघडायला हवी. ती यांनी डिंक लावून चिकटवलेली! कशाला? पाणी अडवायला आत रबराची ओ-रिंग आहे की. गिऱ्हाइकानं आत डोकावू नये म्हणूनच हा उद्योग, दुसरं काही नाही. हेअर ड्रायर मारला तर वारा लागतो तेवढीच जागा तापते, पलीकडचा डिंक ढिम्म. रबराचा पट्टा गुंडाळून पिळलं, पकडीनं पिळलं, रिंगवर ओरखडे आले पण ती हलेना. शेवटी वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी हातात घेऊन नखानं टकटक केलं आणि विचारलं, “टायटॅनियम? ने बाबा परत. माझं टूल जाईल, त्याची भरपाई तू देणार आहेस का?” त्यांचं काय चुकलं? पण नुसती रिंग धरून देतो म्हणाले, आणि दोघांनी मिळून ती एकदाची सोडवली.

एलईडी बदलणं त्या मानानं सोपं. इस्त्री उलटी करून दोन पुस्तकांमध्ये अडकवायची, एलईडीची तांब्याची चकती तिच्यावर ठेवायची, 183 अंशांना सोल्डर चमकलं की जुना एलईडी चिमट्यानं उचलून नवा ठेवायचा. तो आपोआप हलून सरळ बसतो, ते बघायला मजा येते. (“इस्त्रीवर काय भाजतोयस रे?” हे आईचं. तिला काय सांगणार!)

उजेड आता खरंच सुंदर आहे. म्हणून तर जास्त चीड येते. कारण आट्यांचं काय करणार? टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की आटे एकमेकांना धरतात, सोलतात. झाकण फिरवलं की दात आंबावेत असा आवाज. सिलिकॉन ग्रीस लावलं की आवाज बंद, पण घोडबंदर रोडची धूळ त्यात बसते, मग परत पुसा, परत लावा. आणि सगळ्यात मोठी गंमत: अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चला आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग असतं, म्हणजे ऑक्साइडचा थर, त्यातून वीज जात नाही. झाकण थोडं सैल केलं की सर्किट तुटतं, खिशात बटण दाबलं गेलं तरी पेटत नाही. इथे उघडा धातू. तेवढं सैल केलं तरी करंट चालूच. ठाण्याला फास्ट लोकलमध्ये चढताना माझ्या पँटचा खिसा स्ट्रोब मारत, म्हणजे भराभर उघडझाप करत होता आणि अख्खा डबा माझ्याकडे बघत होता. चटका बसला तो वेगळाच.

“मोबाईलमध्ये टॉर्च असते की,” म्हणणाऱ्यांनी आत्ता तोंड उघडू नये, हात जोडून सांगतो.

आणि आता त्याच विक्रेत्यानं नवी आवृत्ती काढलीय. स्टोनवॉश फिनिश, टायटॅनियमची क्लिप, अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या नळीसाठी खाच. नळी वेगळी विकत घ्यायची. एलईडी? तोच निळा. डिंक? तोच. किंमत तेवढी वाढलीय!