पाय दुखत नाहीत, म्हणूनच तपासून घ्या

मधुमेही माणसाला ‘पाय दुखतात का?’ असे विचारल्यावर ‘अजिबात नाही’ असे उत्तर आले, की घरचे निश्चिंत होतात. फिजिओथेरपीच्या कामात मला मात्र सर्वांत जास्त काळजी अशाच माणसाची वाटते, ज्याच्या तळपायाला जखम आहे आणि तरीही जो काही दुखत नाही म्हणतो. मज्जासंस्थेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा मेंदूची होते, स्मरणशक्तीची होते, फार तर मणक्यातल्या गादीची होते. पण मधुमेहात याच संस्थेचे पायाच्या बोटांपर्यंत पोहोचलेले टोक वर्षानुवर्षे गुपचूप झिजत असते आणि तिकडे कोणी पाहत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत, त्यामुळे ही गोष्ट थोड्या लोकांपुरती राहिलेली नाही.

अंगठ्याच्या टोकाची संवेदना वर नेणारी चेतापेशी कशी असते, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे. तिचे मुख्य शरीर कमरेच्या मणक्यालगत असते आणि ते एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असते. पण तिथून निघणारा तिचा तंतू मांडी, पोटरी, घोटा ओलांडत जवळजवळ एक मीटर लांब जातो. या तंतूला लागणारी प्रथिने त्या चिमुकल्या शरीरातच तयार होतात आणि तंतूच्या आतून पुढे पाठवली जातात. त्यांपैकी काहींचा वेग दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर असतो, म्हणजे बोटापर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागतात. त्यातच निरोप पाठवल्यानंतर तंतूच्या आतबाहेरचे सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण पूर्ववत करण्यासाठी तंतूच्या संपूर्ण लांबीवर सतत ऊर्जा खर्च होत असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की तंतूला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या खराब होतात, पेशीच्या आतले ऊर्जेचे गणितही बिघडते, आणि कालव्याचे पाणी कमी पडले की शेपटाकडच्या शेतकऱ्याचे पीक जसे आधी वाळते तसे सर्वांत लांबचे टोक आधी मरू लागते. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो, आणि तो गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात. ‘नस दबली असेल’ असे म्हणून कमरेचा एमआरआय काढण्याआधी एवढे तरी पाहावे की त्रास दोन्ही पायांना सारखा आहे की एकाच पायात कमरेकडून खाली उतरतो. या दोन्ही गोष्टींची कारणे बहुधा वेगवेगळी असतात.

सगळे तंतू एका जातीचे नसतात. उंबरठ्याला अंगठा आपटला, की आधी नुसती ठेच कळते आणि क्षणभराने झोंबणारी कळ येते. ठेच कळवणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिनचे आवरण असते, आणि त्यांतला निरोप सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतो. कळ आणणारे तंतू बारीक आणि बिनआवरणाचे असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणून ती मागून येते. मधुमेहात कोणाचे बारीक तंतू आधी बिघडतात आणि रात्री तळपायांची आग होते, तर कोणाचे जाड तंतू आधी बिघडतात आणि पायाखालची जमीन कळेनाशी होते. नसांच्या वेगाची तपासणी जाड तंतूंचीच माहिती देते, त्यामुळे तळपाय जळत असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अशा माणसाला ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

रुग्णांच्या बोलण्यात या बिघाडाच्या खुणा स्पष्ट असतात, फक्त ऐकणारा हवा. ‘कापसावर चालल्यासारखे वाटते’, ‘चप्पल पायातून निसटली तरी चार पावले पुढे गेल्यावर कळते’, ‘बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो’. हे शेवटचे वाक्य ऐकले की मी सावध होते, कारण पाय कुठे टेकला आहे याची खबर नसांकडून येईनाशी झाली, की माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि डोळे मिटताच तो आधारही जातो. एका आजोबांच्या चपलेचा तळ मी उलटा करून पाहिला, तेव्हा त्यात बाभळीचा काटा आरपार घुसलेला होता आणि टाचेखाली त्याच जागी ओली जखम होती. ते शेतातून तसेच चालत आले होते आणि त्यांची तक्रार गुडघ्याची होती.

काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर बरे वाटते, आणि त्वचा धड असेल व हात हलका असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण त्याने मेलेला तंतू जिवंत होत नाही. हरकत आहे ती मुंग्यांवर उपाय म्हणून कढत पाण्यात पाय बुडवून बसण्याला, कुरूप ब्लेडने कापण्याला, आणि चैत्र-वैशाखात भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालण्याला. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही, आणि फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. श्रद्धेला कुठेही बाध न आणता ती प्रदक्षिणा पहाटे घालता येते.

साखरेखेरीज आणखी एक कारण आपल्याकडे वारंवार आढळते, ते म्हणजे बी-12 ची कमतरता. मायलिन टिकवण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते, वनस्पतीजन्य आहारात ते जवळजवळ नसते, आणि मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. म्हणजे शाकाहारी मधुमेही दोन्ही बाजूंनी सापडतो. नुसते फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहू शकते. दारू, थायरॉइडचा आजार, केमोथेरपीची काही औषधे आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिड हीदेखील कारणे आहेतच. मात्र दुकानातून ‘नसांची गोळी’ मागून वर्षानुवर्षे घेत राहू नये, कारण बी-6 मोठ्या मात्रेत दीर्घकाळ गेल्यास तेच नसांना इजा करते.

बधिर पाय कसा जपावा, हे आपल्या देशाला फार पूर्वीपासून माहीत आहे. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असा समज रूढ होता. 1946 साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे जातात ती मुख्यतः संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या, न कळणाऱ्या आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या जखमांनी. पुढे हाच विचार त्यांनी मधुमेही पायांनाही लावला. आपल्या कुष्ठरोग कार्यक्रमात आजही बॉलपेनच्या टोकाने हातापायांची संवेदना तपासतात, पाय रोज पाहायला शिकवतात आणि मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल देतात.

हे सारे मधुमेह्याला का मिळू नये? ज्या सरकारी आरोग्य केंद्रात हे ज्ञान आहे, तिथेच शेजारच्या रांगेत मधुमेह्याची साखर मोजली जाते, गोळ्या दिल्या जातात आणि पायातले मोजेही न काढता त्याला घरी पाठवले जाते. खासगी दवाखान्यांतले चित्रही फार वेगळे नाही. 10 ग्रॅम दाबाला वाकणारी नायलॉनची तार आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क यांनी काही मिनिटांत पायाची तपासणी होते आणि ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. तोवर घरीही एक गोष्ट करता येते: माणसाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू किंवा टोचू नका. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना दाखवायला न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी चप्पल-मोजे काढूनच खुर्चीवर बसवा.