फ्लेमिंगो उडवणं ‘कायदेशीर’ आहे म्हणे!

एक मेसेज मुंबईभर फिरतोय. परवा तो माझ्या भाच्याकडे पोचला आणि त्याने मला विचारलं, “मावशी, मग आम्ही रविवारी शिवडीला जाऊ ना?” मेसेज म्हणतो: मारलं तरच गुन्हा, टाळ्या वाजवून फ्लेमिंगोंचा थवा उडवणं कायदेशीर आहे, पक्षी परदेशी, त्यांना आपला कायदा लागत नाही, उडाल्याने त्यांना व्यायामच होतो, कोळ्यांच्या होड्या चालतात, मग आपण का नको, आणि तक्रार करायला जागाच नाही. तेव्हा ओहोटीला जा आणि रील काढा.

आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 2(16) काढून बघा. शिकारीच्या व्याख्येत मारणं आहेच, पण पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं, जखमी करणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्नही आहे. कलम 27(4) तर सरळ सांगतं की अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडायचं नाही, त्रास द्यायचा नाही, कचराही टाकायचा नाही. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्यात शिकार सिद्ध झाली तर किमान तीन वर्षं कैद आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. शिवडीचा चिखल अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसाव्याला जातात, तो नेरुळचा डीपीएस तलाव आणि तिथलीच चाणक्य नावाची पाणथळंही बाहेरच आहेत. शिवडीच्या चिखलात 27(4) लागत नाही, आणि रीलसाठी वाजवलेली टाळी ‘हाकणं’ ठरते का, यावर वकील भांडू शकतील. पण कायद्यातली ही फट म्हणजे परवानगी नव्हे. फट आहे हे कळल्यावर मेसेज लिहिणाऱ्याने त्यातून लोकांना चिखलात घुसवावं, याचा मला संताप येतो.

आता तो ‘व्यायाम’. हे लिहिणाऱ्याने फ्लेमिंगोला खाताना कधी नीट पाहिलेलंच नाही. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. ‘छोटा फ्लेमिंगो’ या जातीचा पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आतबाहेर करतो आणि सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. भरती चढली की पंगत संपली, मग पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचं. तुम्ही जवळ गेलात की आधी माना वर होतात, म्हणजे खाणं तिथेच थांबलं. मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो. त्यानंतरही तुम्ही पुढे सरकलात तर पक्षी पाण्यावर धावत, पंख मारत वर उठतात. या पक्ष्याला जागच्या जागी झेप घेता येत नाही, धावावंच लागतं. एवढी ताकद खर्च करून तो लांब जाऊन उतरतो, तर तिथे दुसरं टोळकं मोबाईल घेऊन उभं!

त्यात एप्रिल-मे म्हणजे परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायचे दिवस. फ्लेमिंगोंबरोबर तिथेच छोटा टिलवा चरत असतो. जेमतेम तीस ग्रॅमचा हा पक्षी विणीला सायबेरियाच्या उत्तर टोकाला जातो. तुमच्या टाळीने तोही उडतो. रीलमध्ये तो दिसत नाही इतकंच.

‘परदेशी’ म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडावा. फ्लेमिंगो कच्छच्या रणात वीण करतात. आणि कायदा अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, नाव आहे का ते बघतो, जन्मगाव विचारत नाही. फ्लेमिंगोंचं नाव आहे.

कोळ्यांना मध्ये ओढणं मला सर्वांत खटकलं. त्यांची होडी रोज ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने जाते आणि पक्ष्यांना ती ओळखीची असते. ते पोटासाठी खाडीत उतरतात. आरडाओरडा करत सरळ थव्याच्या अंगावर चालून जाणारा माणूस आणि ते एका पंक्तीत बसत नाहीत.

राहिली तक्रारीची जागा. वनविभागाची हेल्पलाइन आहे, 1926. कोणी थव्यात घुसताना दिसलं तर ठिकाण आणि वेळ सांगा. भाच्यालाही हाच नंबर पाठवलाय, आणि शिवडीला जायचं तर जेट्टीवरूनच बघायचं, हेही.