रेसलमेनिया बघा, पण शिकू नका

रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई ह्या अमेरिकन कुस्ती कंपनीची वर्षातली सगळ्यात मोठी मारामारी. ती बघायची तर पहिलं म्हणजे पहाटे साडेचारला उठायचंय हे घरात कोणाला सांगू नका. तिकडे अमेरिकेत शनिवार-रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे कोंबडं आरवायच्या बेतात असतं, आणि रेसलमेनिया येतो नेमका मार्चअखेर नाहीतर एप्रिलात, हापूसच्या ऐन सीझनला. त्यामुळे एवढ्या पहाटे लाईट का चालू म्हणून कोणी विचारलंच तर कलमांच्या राखणीला उठलो म्हणून ठोकून द्या, माकडं आली होती सांगा. कोकणात माकडांवर कोणी अविश्वास दाखवत नाही. फक्त २०२० पासून हा प्रकार दोन दिवसांचा झालाय, तेव्हा माकडंपण दोन दिवस आणावी लागतील.

आणि साडेचारला उठलात म्हणून लगेच मेन मॅच दिसेल असं काही नाही हां. ती लागेपर्यंत आठ वाजतात. मधल्या वेळात दोनदा चहा होतो, पंप लावून टाकी भरून होते, मासेवालीची पहिली हाक येऊन जाते, आणि कोणीतरी उठतंच. आमच्याकडे तात्याकाका उठतात. हातात तांब्या घेऊन दारात उभे राहतात, पाच मिनिटं टक लावून बघतात आणि म्हणतात, "अरे मेल्या, ता सगळा खोटा असता."

हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. माझा सल्ला असा की दरवेळी धक्का बसल्यासारखं करायचं. "काय सांगतास काका!" म्हणायचं, तोंडाचा आ करायचा. चुकूनसुद्धा असं सांगायचं नाही की ही गोष्ट खुद्द कंपनीनंच १९८९ ला न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलीय. आमची मारामारी म्हणजे खेळ नाही, मनोरंजन आहे, असं सांगून टाकलं, कारण खेळ म्हटला की सरकारी नियम आणि कर मागे लागतात. आपल्याकडे लोक टॅक्स वाचवायला खोटं बोलतात, ह्यांनी खरं बोलून वाचवला. असली विकृती काकांच्या कानावर घालू नका, या वयात सोसणार नाही.

दशावताराचं नाव तर अजिबात काढू नका. हेच काका जत्रेला रात्रभर मांडी घालून पुढे बसतात, राक्षस पहाटे मरणार हे पन्नास वर्षं माहीत असून राजावर संकट आलं की उपरणं डोळ्याला लावतात. लाकडी तलवारी, एक बाकडं, पेटी आणि मृदंग, लिहिलेली संहिता नाही, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरलं की पुढचे संवाद रंगमंचावरच सुचायचे. रेसलिंगमध्ये तरी वेगळं काय असतं, कोण जिंकणार ते ठरलेलं, बाकी बरंचसं रिंगणात एकमेकांच्या कानात कुजबुजत निभावायचं. पण दशावतार ही कला आणि हे खोटं. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण आपल्याच कलाकारांवरची, तिकडच्या पैलवानांना ती लागू होते असं म्हणायची हिंमत करू नका, निदान काकांसमोर.

आता महत्त्वाचा मुद्दा. रेसलमेनिया बघायला हरकत नाही, पण त्यातनं भांडायचं कसं ते शिकाल तर फुकट जाल. त्या लोकांना भाऊबंदकी जमतच नाही.

रोमन रेन्स ह्या पैलवानाचंच घ्या ना. सामोअन घराणं, अनोआई, पिढ्यानपिढ्या पैलवान. हा म्हणतो मी घराण्याचा प्रमुख, पंगतीत पहिलं पान माझं, मला माना. म्हणजे थोडक्यात गावकार. त्याचं भांडण लागलं जिमी आणि जे ह्या उसो जुळ्या भावांशी. टीव्हीवर त्यांना सरळ कझिन म्हणतात, इंग्रजीत एकदा कझिन म्हटलं की विषय संपतो. आपल्याकडे असं भागत नाही. एका पहाटे आजी उठून बसली होती, तिला नातं हवं होतं. मग मी सांगितलं की रोमनचे वडील सिका, त्यांच्या बहिणीचा मुलगा रिकिशी, आणि ही रिकिशीची पोरं. म्हणजे रोमनच्या आतेभावाची मुलं. आजीनं दोन सेकंदात हिशेब लावला, "म्हणजे चुलतो-पुतण्यांचा भांडण. जमिनीवरून काय रे?" मी म्हटलं नाही गं, मानावरून, गळ्यात लाल माळ कोणी घालायची त्यावरून. तर म्हणते, "जमीन नाय तर मग भांडतत कशाक?"

ती माळ म्हणजे उला फाला. केवड्याच्या जातीच्या झाडाची फळं लाल रंगवून ओवतात. आपल्या किनाऱ्यावर केवड्याची बनं पडली आहेत, पण त्यावरून एक साधा मानपान काढायचं आपल्याला सुचलं नाही. आपण आपले नारळावर आणि पालखीच्या खांद्यावर अडकलो. तर २०२० च्या ऑक्टोबरात आधी रोमननं पुतण्याला पार लोळवलं आणि मग बाप आणि चुलता दोघांनी येऊन ती माळ रोमनच्या गळ्यात घातली, पुढे ती दुसऱ्यानंच बळकावली, २०२५ च्या जानेवारीत परत मिळाली, आणि ती घालायला आला कोण तर द रॉक, तो पैलवान-नट, ज्याचं ह्या घराण्याशी रक्ताचं नातंच नाही, आजोबांच्या वेळचं मानलेलं नातं. बघा म्हणजे. मानाचा वाद चार-साडेचार वर्षांत मिटवला आणि तोही मानलेल्या भावाच्या हातून. आपल्याकडे चार वर्षांत नुसती वंशावळ मिळत नाही तलाठ्याकडून.

वकील लोकांकडून मात्र थोडं घेण्यासारखं आहे. पॉल हेमन नावाचा टकला गृहस्थ आहे, तो कुस्ती खेळत नाही, शेजारी उभा राहून बोलतो. ब्रॉक लेसनर ह्या पैलवानाच्या वेळी तो स्वतःला सरळ वकीलच म्हणवायचा, माझे अशील असं, माझे अशील तसं. पुढे रोमनचा सल्लागार झाला. २०२५ ला लास वेगासला पहिल्या रात्रीची मेन मॅच तिघांची होती, रोमन, सीएम पंक आणि सेथ रोलिन्स. हेमन रोमनचा माणूस, पण जुन्या उपकाराची फेड म्हणून पंकच्या कोपऱ्यात उभा, आणि शेवटी दोघांनाही धोका देऊन जिंकवलं तिसऱ्यालाच. ते बघताना तात्याकाका पहिल्यांदा खुर्चीत बसले. तांब्या खाली ठेवला. "हो आमचोच वकील दिसता," म्हणाले.

तसंच ते माईक घेऊन बोलणं, त्याला प्रोमो म्हणतात. मॅचच्या आधी आठवडेच्या आठवडे एकमेकांना शिव्याशाप द्यायचे. लोक म्हणतात काय जबरदस्त बोलतात. अहो आपल्याकडे कुठल्याही देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस एका दमात, कागद न बघता, बारा-पाचाच्या देवाला साक्ष ठेवून ज्यानं ज्यानं वाकडं केलं त्याचं नाव न घेता सगळ्या गावाला कळेल असा हिशेब मांडतो, आणि पब्लिक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतं. आपल्या लोकांना माईकसुद्धा लागत नाही. फक्त आपण तिकीट लावलं नाही, ती चूक झाली.

आता सगळ्यात वाईट सवय, ही अजिबात लावून घेऊ नका. हरणं. १९८७ ला रेसलमेनिया तीन झाला, मिशिगनमधल्या पॉन्टिअॅक सिल्व्हरडोममध्ये, कंपनी म्हणते ९३,१७३ माणूस होतं आणि त्या आकड्यावर लोक अजून भांडतात, म्हणजे आपलीच माणसं. हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. आंद्रेचं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड. होगननं त्याला उचलून आपटला, तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे बघितलाच असणार. पण आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, आतून पट्टा बांधून उभा होता तो. एवढा डोंगर उचलणाऱ्यानं उचलला असं आपण समजतो. तो उचलू दिला म्हणून उचलला गेला. आंद्रेनं त्या दिवशी मनात आणलं असतं तर होगनला त्याचा पाय हलवता आला नसता. जे आपटून घेतलं ते दुखऱ्या पाठीवर, आणि मोठा झाला तो होगन. आता तुम्ही मला सांगा, आपल्या वाडीत असा एक तरी माणूस दाखवा जो उठून म्हणेल की बाबा ठीक आहे, या वर्षी पालखी तुझ्या खांद्यावर. असा मूर्खपणा आपल्या रक्तात नाही, आणि तो येऊही देऊ नका.

तारखेचंही तसंच. ह्यांची भांडणं तारखेला संपतात. २०१२ ला मायामीत रॉक विरुद्ध जॉन सीना मॅच झाली, जाहिरात काय तर आयुष्यात एकदाच. पुढच्याच वर्षी रेसलमेनियाला परत तेच दोघं. लोकांनी बोंब मारली फसवलं म्हणून. दोनदा झालं तर बोंब! रोमन १३१६ दिवस चॅम्पियन राहिला तर केवढं कौतुक, २०२४ ला फिलाडेल्फियात कोडी ऱ्होड्सनं पट्टा काढून घेतला तेव्हा जाणती माणसं रडली. १३१६ दिवस म्हणजे साडेतीन वर्षं सांगितली. आमच्या गडग्याचा, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी बांधाचा, दावा १९८४ चा आहे. पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला झाला, म्हणजे आमची मॅच त्यांना सीनियर. त्यांचे चाळीसच्या वर रेसलमेनिया उरकले, आमची एकच चालू आहे, पंच पाच बदलले, वकील चार, मूळचे दोन्ही पैलवान वारले, आता मुलं आणि पुतणे खेळतात. भांडण फणसाचं. नेमका गडग्यावर उभा होता, मुळं त्यांच्यात, फांद्या आमच्यात, की उलटं, ते अजून ठरायचंय. २०२१ ला तौक्ते वादळात फणस पडला. दावा उभा आहे.

तर पलीकडे माझा चुलत भाऊ राहतो. माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही ह्याच गडग्यावर बसून डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूईची, कार्डं खेळायचो, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, रँक. अंडरटेकर ह्या भुताटकीवाल्या पैलवानाचं कार्ड त्याच्याकडे होतं आणि ते तो द्यायचा नाही. अंडरटेकर सात वेळा मेलाय आणि परत आलाय हे त्यानंच मला सांगितलेलं. खोटं म्हणायची सोय नव्हती, १९९४ ला तर एकाच मॅचमध्ये दोन अंडरटेकर समोरासमोर उभे होते, आमच्या वर्गातल्या एकाच्या मुंबईच्या मामेभावानं स्वतः बघितलं होतं. संध्याकाळी लाईट गेली, आणि तेव्हा ती रोजच जायची, की दोन्ही घरांतून एकदम ओरडा, अंडरटेकर! कारण तो येताना सगळीकडे काळोख होतो आणि घंटा वाजते. मग त्याचा भाऊ केन आला, मुखवटेवाला, लहानपणी घर जळालं त्याचा सूड घ्यायला, ते तर आम्हाला समजावून सांगायलाच लागलं नाही. (तो केन २०१८ ला टेनेसीत नॉक्स काउंटीचा मेयर झाला. भाऊबंदकीतून थेट राजकारणात. एवढी एक गोष्ट त्यांनी आपल्याकडून बरोबर उचलली.) पुढे कोर्टाची एक तारीख जास्तच गाजली आणि आम्हा दोघांना गडग्यावर बसायची बंदी झाली. नंतर बंदी घालणारे गेले, सवय राहिली. लग्नात एकमेकांना पत्रिका जाते, माणूस जात नाही. ही शिस्त पाळायला मन घट्ट लागतं, एप्रिलातल्या एका रात्रीत काम उरकणाऱ्यांना नाही जमायचं.

तर तो २०२४ च्या रेसलमेनियाचा दुसरा दिवस, आपल्याकडे सोमवार. सकाळचे आठ वाजून गेलेले, कोडी विरुद्ध रोमन, मॅच कसली, वाडीची सभाच, जिमी येतोय, जे येतोय, सीना आला, रॉक आला, आणि रॉक सगळ्यांना पुरून उरला असं वाटायला लागलं तेवढ्यात घंटा वाजली आणि काळोख झाला. आता लाईट येणार आणि अंडरटेकर मागे उभा दिसणार. मी श्वास धरून बसलो. लाईट येईना. चांगली पंधरा-वीस सेकंदं मी तसाच बसलोय आणि मग लक्षात आलं की वरचा पंखा पण थांबलाय.

बाहेर लख्ख ऊन. आणि गडग्याच्या पलीकडून, वीस-बावीस वर्षांनी, तोच आवाज, फक्त आता जरा घोगरा.

"अंडरटेकर!"

मी काही बोललो नाही. परत आवाज आला, "तुजी पण गेली काय रे?"

अशा वेळी उत्तर द्यायचं नाही. तारीख जवळ आलेली असते, समोरचा काय बोलला, आपण काय बोललो, उद्या कशाला काय अर्थ लावतील सांगता येत नाही. मी मोबाईल काढला, नेट शोधत अंगणाच्या त्या टोकाला गेलो, तिथेच काय ती रेंज मिळते, गडग्याला लागून. तोही तिथेच उभा होता, त्याच्या बाजूनं, त्याच कारणानं. त्याचं माझ्याआधी चालू झालं. मी मान खाली घालून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहिलो.

"कोडी जिंकलो," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते काही त्यानं सांगितलं नाही.

काका तांब्या घेऊन पडवीत उभे होते. "कोण रे, कोणाशी बोलतंस?"

"माकडं आलीवती काका," मी म्हटलं.