रबरी मूठ सर्वांनाच चांगली? रिव्हॉल्व्हरविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

रिव्हॉल्व्हरच्या मुठीविषयी परवानाधारकांमध्ये आणि नवशिक्या नेमबाजांमध्ये एक मत सध्या सर्रास सांगितले जाते. त्याचा आशय असा की लाकडी मूठ शोभेची आणि जुन्या काळातली असते. रबरी मूठ लावली की गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का निम्म्यावर येतो, पकड कोणाच्याही हातात घट्ट बसते, शस्त्र कपड्याखाली बाळगणे सोपे होते आणि देखभालीची कटकट उरत नाही. म्हणून नवे रिव्हॉल्व्हर हाती आले की पहिले काम मूठ बदलण्याचे. या मतात सत्याचा एक अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. मात्र सरसकट सर्वांना दिलेला सल्ला म्हणून ते चुकीचे आहे, आणि त्यावर विसंबून लोक स्वतःच्या हाताला न बसणाऱ्या मुठी विकत घेत आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासले पाहिजे.

लाकूड जुने आणि रबर आधुनिक, हे पहिले विधान इतिहासाला धरून नाही. अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये घेतले आणि गंधकाचे प्रमाण वाढवून केलेले कठीण, काळे रबर लवकरच शस्त्रांच्या मुठींसाठी वापरले जाऊ लागले. १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट सिंगल ॲक्शन (प्रत्येक वेळी घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, अंगठ्याने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरला आरंभी अक्रोडाच्या लाकडाची मूठ होती आणि पुढच्या दशकात त्याच रिव्हॉल्व्हरला कठीण रबराच्या मुठीही येऊ लागल्या. ब्रिटिश सैन्यातील वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या खाचेदार काळ्या मुठी याच पदार्थाच्या होत्या. हे रबर दगडासारखे घट्ट असल्यामुळे धक्का शोषण्याशी त्याचा संबंध नव्हता. आज आपण ज्याला रबरी मूठ म्हणतो ती मऊ, दाबली जाणारी मूठ बरीच नंतरची आहे. एकाच शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ येतात हे लक्षात घेतले नाही, तर पुढची सारी चर्चा घसरते.

धक्का निम्मा होतो, हे दुसरे विधान सर्वांत जास्त पसरलेले आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गोळी पुढे जाताना जितका संवेग घेऊन जाते तितकाच संवेग शस्त्राला मागे मिळतो, आणि मुठीचा पदार्थ बदलल्याने तो बदलत नाही. मऊ रबर दोनच गोष्टी करते: हातावरचा दाब अधिक जागेवर पसरवते आणि तो किंचित जास्त काळात वाटून देते. याने टोचणे कमी होते, पण शस्त्राला मिळणारी मागची गती आणि ऊर्जा प्रामुख्याने काडतूस आणि शस्त्राचे वजन यांवरच ठरते. एक ढोबळ गणित करून पाहावे. .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची सुमारे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७५ मीटर वेगाने निघाली, तर दारूच्या वायूंचा वाटा सोडूनही १ किलो वजनाच्या रिव्हॉल्व्हरला सुमारे ७ ज्यूल ऊर्जा मिळते. तीच गोळी त्याच वेगाने ३४० ग्रॅमच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून निघाली, तर हा आकडा २० ज्यूलच्या वर जातो. काडतूस एकच असताना वजनामुळे तिप्पट फरक पडला आणि मुठीचा प्रश्न अजून आलेलाही नाही.

आता भारतातील परवानाधारकाची स्थिती पाहू. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना असलेल्या बहुतेकांच्या हातात .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले, महिलांसाठी म्हणून गाजलेले ‘निर्भीक’ हेही .३२ चेच असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. .३२ ची साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरला मिळणारी ऊर्जा २ ज्यूलच्या आसपास येते. मॅग्नम काडतुसे वापरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांचा सल्ला येथे जसाच्या तसा आणला गेला आहे, पण ज्या दुखण्यावर तो उपाय आहे ते दुखणे .३२ वापरणाऱ्याला जवळजवळ नाहीच.

सत्याचा अंश येथेच आहे. अतिशय हलक्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम काडतुसे झाडायची असतील, तर मुठीच्या मागची, तळहाताला टेकणारी धातूची पट्टी झाकणारी मऊ रबरी मूठ निःसंशय चांगली. स्मिथ अँड वेसन कंपनीने २००३ मध्ये .५०० मॅग्नमचे अजस्र रिव्हॉल्व्हर बाजारात आणले तेव्हा ते रबरी मुठीसहच आणले, आणि ते योग्यच होते. उलट मागची पट्टी उघडी ठेवणाऱ्या रबरी मुठीत तळहाताला धातूच लागतो. त्यामुळे ‘रबरी आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. रबर नेमके कुठे आहे हे पाहावे लागते.

पकड कोणाच्याही हातात घट्ट बसते, हे तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. डबल ॲक्शन पद्धतीने, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटेल असा, चाप ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. तर्जनीचे पेर चापावर नीट पोहोचले, तरच तो जोर सरळ मागे लागतो; फक्त बोटाचे टोक पोहोचत असेल, तर नळी बाजूला ओढली जाते आणि नेम चुकतो. मागची पट्टी झाकणारी रबरी मूठ तळहात आणि चाप यांच्यातले हे अंतर काही मिलिमीटरने वाढवते. मोठ्या पंजाच्या माणसाला त्याचा फायदाच होतो, पण लहान हाताच्या व्यक्तीला, म्हणजे ज्या महिलांना हा सल्ला विशेष आग्रहाने दिला जातो त्यांच्यापैकी अनेकींना, ते अंतर वाढणे म्हणजे नेम बिघडणे होय. अशा हाताला मागची पट्टी उघडी ठेवणारे पातळ लाकडी पल्ले (मुठीच्या दोन्ही बाजूंना बसणारे तुकडे) अधिक योग्य ठरतात.

लाकडाचा आणखी एक गुण या मतात कुठेच येत नाही. लाकूड कानशीने घासता येते, त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरता येते आणि पॉलिश पेपरने ते हाताच्या वळणाप्रमाणे आणता येते. मऊ रबराला असा आकार नीट देता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारातील पिस्तुलांना बहुधा हाताच्या साच्याप्रमाणे घडवलेली लाकडी मूठ असते. तेथे धक्का अगदी कमी असतो हे खरे, पण .३२ वाल्याची परिस्थितीही त्याच्याच जवळची आहे.

ओल्या हातात गुळगुळीत, चकचकीत पॉलिश केलेले लाकूड निसटते, ही तक्रार रास्त आहे. हिऱ्याच्या आकाराच्या बारीक खाचा कोरलेल्या लाकडाला मात्र ती तितकीशी लागू होत नाही. शिवाय कोल्टच्या जुन्या सिंगल ॲक्शन घडणीत मूठ धक्क्याबरोबर तळहातात वर फिरावी आणि घोडा अंगठ्याजवळ यावा, अशीच योजना असते. तेथे चिकट रबर हे फिरणे अडवते आणि कातडी खेचली जाते.

कपड्याखाली बाळगण्याविषयीचे चौथे विधान तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. मऊ रबर कापडाला धरून ठेवते, त्यामुळे सदऱ्याची कड मुठीवर अडकून वर सरकते आणि मुठीचा आकार उठून दिसतो. गुळगुळीत लाकडावरून कापड घसरून खाली येते.

राहिली देखभाल. रबराला देखभाल लागत नाही असे म्हणणाऱ्याने कोकणातला एक पावसाळा काढावा. माझ्या एका रबरी मुठीचा पृष्ठभाग काही वर्षे कपाटात पडून असा चिकट झाला की हाताला काळे लागू लागले. तिच्याखाली, फ्रेमच्या निळसर पोलादावर, गंजाचे ठिपके होते, कारण घट्ट बसलेल्या रबराखाली शिरलेला दमटपणा बाहेर पडत नाही. लाकूडही दमट हवेत फुगते आणि साफसफाईचे द्रावण सांडले तर त्याचे पॉलिश उतरते, पण त्याला जवसाच्या तेलाचा हात दिला की ते सावरते. चिघळलेले रबर टाकूनच द्यावे लागते. मूठ कोणतीही असो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी, स्क्रू काढून मूठ उतरवावी, फ्रेम कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेलाचा अगदी पातळ थर देऊन मूठ पुन्हा बसवावी.

नवी मूठ घेण्याआधी दुकानातच, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एवढे पाहावे: मनगट आणि नळी एका रेषेत असताना तर्जनीचे पहिले पेर चापावर सपाट टेकते का, आणि सिलिंडर (काडतुसे ठेवण्याचे फिरते चक्र) बाहेर काढल्यावर रिकामी काडतुसे मुठीच्या वरच्या कडेला न अडकता खाली पडतील एवढी जागा उरते का. या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर ती मूठ घ्यावी, मग ती शिसवी असो की रबरी.