पगार सगळे विचारतात

जळगाव-धुळ्याच्या स्टँडवर हल्ली मर्चंट नेव्हीच्या जाहिराती फार दिसतात. दहावी पास, पगार डॉलरमध्ये, पांढऱ्या ड्रेसमधला हसरा पोरगा. केळीला भाव नाही, कापसाचं तर बोलूच नका, म्हणून बापही तयार होतो. नोकरी चांगलीच आहे, माझी तिला हरकत नाही. पण लढाई पेटली की त्या जहाजावरच्या माणसाचं काय होतं, हे कोणीच विचारत नाही.

आमच्या घरातला एक जण त्यात गेला. आजीचा थोरला भाऊ. भुसावळच्या लोको शेडला कोळसा ओढायचा, तिथून मुंबईला जाऊन बोटीवर आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा, झाला. काम तेच, फक्त पाण्याच्या पातळीखाली. पाणबुडीचा टॉर्पेडोही तिथेच लागतो. डेकवरच्याला निदान होडीकडे पळता येतं, बॉयलरपुढच्याने शिडी कधी चढायची? दुसऱ्या महायुद्धात गेला एवढंच कळलं, तिथी कोणालाच ठाऊक नाही. म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर. घागरीवर खरबूज ठेवताना आजी पुटपुटायची, "पाणीमा गया तो, त्याले पाणीनी काय कमी?"

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे असे साडेसहा हजारांच्या आसपास भारतीय खलाशी त्या युद्धात मेले. रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे, आपल्याकडचा एखादाच. पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा. पण नुसते बिचारे समजू नका त्यांना. १९३९ साली युद्ध सुरू होताच पगारासाठी त्यांनी संप केले, शेकडो जण ब्रिटनमध्ये तुरुंगात गेले, तरी पगार वाढवून घेतलाच.

सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे प्रवासी जहाज अटलांटिकमध्ये बुडवलं गेलं. त्यात कॅनडाला सुरक्षित ठिकाणी निघालेली ७७ इंग्रज मुलं गेली. जग त्या मुलांसाठी रडलं, रडायलाच हवं. त्याच बोटीवरचे शंभराच्या आसपास भारतीय खलाशी त्या रात्री गेले, ते किती जणांना माहीत आहेत? मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये अशा खलाशांच्या नावांची वही आहे. गावात फौजीच्या नावाची कमान उभी राहते, ती राहावीच. खलाशाला मात्र आपण 'कंपनीत कामाला होता' म्हणून मोकळे होतो. दारूगोळा आणि धान्य नेणारी बोट शत्रूला रणगाड्याइतकीच सलते, हे पाणबुडीवाल्यांना पक्कं कळलं होतं. आपल्याला अजून कळत नाही.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी ठार. २१ जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं, त्यात एक भारतीय होता.

तेव्हा पोराचा फॉर्म भरताना करार वाचा. आंतरराष्ट्रीय युनियनच्या करारात बसणाऱ्या जहाजावर, युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात जायला खलाशी नकार देऊ शकतो. कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. गेलाच तर बेसिक पगाराइतका जादा भत्ता आणि मृत्यू झाल्यास दुप्पट भरपाई. तुमच्या करारात हे आहे का, एजंटला तोंडावर विचारा. त्याच्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल हे खलाशी भरतीचं लायसन्स आहे का, तेही साइटवर स्वतः बघा. तो "बघू नंतर" म्हणाला, तर पैसे न भरता सरळ घरी या.