नळी असू द्या, काय घाई आहे?

राजेहो, तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना चालवता ना? मग पेशंट लवकर घरी जाऊ नये, आणि गेलाच तर थेट नागपूरला रेफर होऊन जावा, यासाठी काही युक्त्या सांगतो. खर्च शून्य.

सुरुवात लघवीच्या नळीपासून. म्हातारा पेशंट, संडास व्हरांड्याच्या पार त्या टोकाला, रात्रपाळीला मावशी एकटी. घाला नळी! कारण फाइलीत लिहायचं नाही, तारीख तर मुळीच नाही. नळी आत राहिली की लघवीत जंतू सापडण्याची शक्यता दिवसाला ३ ते ७ टक्के, असं पुस्तकवाले म्हणतात. म्हणू द्या.

हँडरबची, म्हणजे हातावर चोळायच्या जंतुनाशकाची, बाटली कुलपात. इन्स्पेक्शनच्या दिवशी काढता येते.

स्पिरिटचे बोळे सकाळीच डब्यात भिजवून ठेवा, रात्रीपर्यंत त्यातच बोटं घाला.

आता युरोबॅग, म्हणजे नळीतली लघवी जमा होते ती पिशवी. ती फरशीवरच शोभते. आमच्या काकाजींची तशीच लोळत होती, पोछ्याच्या बादलीला टेकून. भरली की वॉर्डबॉय एकाच मगात सगळ्या खाटांच्या पिशव्या रिकाम्या करी, तोटी मगाच्या काठाला घासून. ग्लोव्ह्जही तेच, या खाटेवरून त्या खाटेवर. एक्स-रेला नेताना तर त्यानं अर्धी भरलेली पिशवी सरळ काकाजींच्या पोटावर ठेवली! पिशवी वर गेली की नळीतली लघवी उलटी आत उतरते. वावरात पाइपानं पाणी देणाऱ्या कोणालाही हे कळते. मी म्हटलं, "दादा, खाली धरा." तर म्हणे, "काही नाही होत जी." झालं! हुडहुडी भरून ताप, मग भारीतलं अँटिबायोटिक. डॉक्टरसाहेब म्हणतात, वयच झालं आहे. वयानं पिशवी पोटावर ठेवली का?

असो. सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं द्यायला मोठ्या नसेत घालतात ती नळी, टाकायची तर जांघेतच टाका, सोपं पडते. अंगभर निर्जंतुक चादर कशाला, मधे भोक असलेला छोटा होल टॉवेल पुरे. थ्री-वेचं, म्हणजे लाइनला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीचं, टोपण हरवलं तर चिकटपट्टी लावा. आणि औषधं बंद झाली तरी लाइन राहू द्या, पुन्हा नस सापडली नाही तर?

आता बास. हसण्यासारखं यात काही नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, लाइन टाकताना अंगभर निर्जंतुक कपडा, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं कातडी साफ करणं, जांघ टाळणं, नको झालेली लाइन काढून टाकणं. लाइनमुळं होणारं रक्तातलं इन्फेक्शन ६६ टक्क्यांनी घटलं. हे छापून आलं २००६ साली! यातल्या कशाला नवी मशीन लागते? मे महिन्यात नळाला पाणी नसते, कबूल. स्टाफ कमी आहे, तेही कबूल. पण पिशवी उचलून खाटेच्या दांडीला अडकवायला किती स्टाफ लागतो? दर पेशंटला वेगळं भांडं ठेवायला? रोज राउंडला विचारा, ही नळी आज कशासाठी आहे? उत्तर नसेल तर तिथंच काढा. आणि घातल्याची तारीख लिहा हो. पेन असतो ना खिशात, रेफरची चिठ्ठी लिहायला!