शटडाऊन म्हणजे पगारी सुट्टी? जरा हिशेब मांडू

अमेरिकेत शटडाऊन लागलं, म्हणजे संसदेने वेळेत निधी मंजूर न केल्याने सरकारी कामकाज अडलं, की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो : 'तिथल्या सरकारी नोकरांची चंगळ. घरी बसायचं, नंतर सगळा पगार घ्यायचा, नोकरीला धक्का नाही.'

घरी बसायचं? 2018-19च्या 35 दिवसांच्या शटडाऊनमध्ये सुमारे 8 लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. त्यातले निम्म्याहून अधिक कामावर जात होते. हवाई वाहतूक नियंत्रक, विमानतळावरचे तपासनीस, तुरुंगरक्षक यांना काम चुकत नाही. ज्यांना घरी बसवतात त्यांना हौसेनेही काम करता येत नाही, ऑफिसची मेल पाहायलाही बंदी. 2025 च्या शटडाऊनमध्ये मात्र नोकरकपातीची नोटीस आली का, एवढं बघायची मुभा मिळाली. केवढं औदार्य!

'सगळा पगार' यात थोडं तथ्य आहे. 2019च्या कायद्याने काम केलेल्या आणि घरी बसवलेल्या, दोघांनाही थकीत पगाराची हमी दिली. पण त्यात 'निधीचा कायदा मंजूर होण्याच्या अधीन राहून' असे शब्द आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या मसुद्याने तेच पकडून म्हटलं की घरी बसवलेल्यांना पगार आपोआप मिळत नाही.

शिवाय 'नंतर' म्हणजे कधी? पगार दर दोन आठवड्यांनी होतो. 2025 मध्ये 1 ऑक्टोबरला निधी संपला, त्यामुळे पहिला पगार अर्धामुर्धा आला आणि पुढचे पूर्ण अडकले. हे शटडाऊन 43 दिवस चाललं. घरभाडं तेवढं थांबत नाही. आरोग्यविमा चालू राहतो, पण हप्त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा साठत जातो आणि थकीत पगारातून कापला जातो. घरी बसवलेल्याला राज्याकडे बेकारी भत्त्याचा अर्ज करता येतो, मात्र थकीत पगार हातात आला की भत्ता परत करावा लागतो. जो बिनपगारी पूर्णवेळ राबतोय, त्याला सहसा तोही मिळत नाही.

सरकारी इमारतींत कंत्राटावर राबणारे सफाई कामगार, पहारेकरी, कॅन्टीनवाले यांना तर या कायद्याची हमीच नाही. त्यांचा बुडालेला रोज बुडालेलाच.

नोकरीला धक्का नाही, हेही 2025 मध्ये खोटं ठरलं. 10 ऑक्टोबरपासून 4 हजारांहून अधिक जणांना कपातीच्या नोटिसा गेल्या. कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश सुसान इल्स्टन यांनी 15 तारखेला तात्पुरती स्थगिती दिली. 12 नोव्हेंबरच्या निधी कायद्याने या नोटिसा रद्द केल्या, थकीत पगार द्यायला लावला आणि नव्या कपातीला बंदी घातली. ती बंदी होती फक्त 30 जानेवारी 2026पर्यंत.